साडूंचे एकोणीस भूकंप

लातूर जिल्ह्यात भूकंपाचे धक्के किती बसले याचा सरकारी आकडा काहीही असो, त्यांतले एकोणीस आमच्या साडूंनी दिले. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. ते एकोणीस धक्के यंत्रावर उमटले, नोंदवहीत वेळेसह चढले आणि त्यांची बातमी मी स्वतः दिली. एका माणसाच्या हातून एवढं घडायचं तर त्यामागे राजकारण, निदान एखादं कंत्राट तरी असतं, असा आमच्या धंद्याचा अनुभव. साडूंच्या बाबतीत कारण एवढंच होतं की त्यांना एक इंग्रजी गाणं आवडायचं. गाणी नव्हे, गाणं. एकच.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव देगलूरकडचं, त्यामुळे घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि राग आला की कन्नड. राग फारसा येत नसल्याने त्यांचं कन्नड कच्चंच राहिलं. घराण्यात कॉलेजात गेलेले ते पहिले. नांदेडला वसतिगृहात राहून त्यांनी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं. वसतिगृह सोडायच्या दिवशी देगलूरच्याच एका मित्राने त्यांच्या हातात एक कॅसेट ठेवली. मित्राचा मामा आखातात होता. त्याच्या नव्याकोऱ्या टेपवरून हे गाणं उतरवून घेतलेलं होतं, कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तेच ते, पुन्हा पुन्हा. "सुन के देख, इसमें तेरे काम का कुछ है," एवढं म्हणून मित्रही मामाकडे निघून गेला आणि परत भेटला नाही. साडूंनी एका सीनियरचा जुना टू-इन-वन घेतला, कॅसेट घातली आणि ऐकलं. त्यानंतर त्यांनी दुसरी कॅसेट कधी घेतली नाही. "एक विहीर पुरून उरती, तर दुसरी कशाला खांदायची?" असं ते विचारत. आपली कॅसेट ते दुसऱ्याच्या टेपमध्येही घालू देत नसत. परक्या टेपने फीत गिळली तर काय, ही भीती. लातूरच्या गंजगोलाईजवळ एक मिस्त्री होता. त्याने एकदा टू-इन-वन उघडून सांगितलं, "साब, इसका पट्टा ढीला हो गया है, नया डाल दूँ?" साडूंनी घाईघाईने झाकण लावून घेतलं. "न्हाई न्हाई. हाय तसं राहू द्या. वाजून राहिलं ना बरोबर?" मिस्त्रीने खांदे उडवले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

गाण्याचं नाव कॅसेटवर नव्हतं, गाणाऱ्याचं नव्हतं, देशही ठाऊक नव्हता. साडूंना ते जाणून घ्यायचंही नव्हतं. मी त्यांच्याकडे ते इतक्या वेळा ऐकलं आहे की डोळ्यांपुढे उभं राहतं. आधी ढोल, सावकाश, एखादा जड माणूस जिना चढत यावा तसा. मग गिटार. मग एक भरड, ओढलेला आवाज. या आवाजाला साडू 'म्हातारा' म्हणत. म्हातारा नदीकाठी बसला आहे आणि समोरच्या डोंगराला विचारतो आहे की बाबा, तू किती वर्षं उभा आहेस. डोंगर म्हणतो, मी उभा नाही, मी हळूहळू पडतो आहे. तू लवकर निघून जातोस म्हणून तुला दिसत नाही. यानंतर गिटार बराच वेळ एकटी वाजते, आणि अगदी शेवटी, सगळं थांबल्यावर, म्हातारा खोकतो. तो खोकला ऐकताना साडू मान खाली घालत. त्यांच्या मते म्हाताऱ्याचे दिवस भरत आले होते आणि हे त्यालाही माहीत होतं.

दरवर्षी बुद्धपौर्णिमेला विहारातून आलं की ते एक निळी वही काढून या गाण्याचं नव्याने भाषांतर करत. जुनं खोडायचं नाही, नवीन पान घ्यायचं. पहिल्या वर्षी 'हे पर्वता, तू कधीपासून तिष्ठत आहेस' असं होतं. लग्नाच्या वर्षी ते 'डोंगरदादा, दमला नाहीस का' असं झालं. भूकंपानंतरच्या पानावर फक्त एक ओळ आहे: 'पडणाऱ्याला पडतोस का म्हणून विचारू नये.' शब्द बदलले, अर्थ बदलले, डोंगर एका वर्षी टेकडीही झाला. फक्त शेवटी प्रत्येक पानावर कंसात एकच शब्द येई: 'खोकला'. "हे काई मराठीत आणता येईना," ते म्हणत. "खोकला हाय, पण नुसता खोकला न्हाई."

माझं लग्न ठरत होतं तेव्हा थोरला जावई म्हणून मला बघायला तेच आले होते. बाकीचे लोक पगार, गाव, व्यसन यांची चौकशी करून गेले. साडूंनी चहा संपेपर्यंत काही विचारलं नाही. उठताना म्हणाले, "पेपरवाले, एक सांगा. डोंगर उभा हाय असं वाटतं का तुम्हाला?" मी म्हणालो, बातमीत तरी उभाच आहे. ते थोडा विचार करून म्हणाले, "ठीक हाय. खोटं तर न्हाई बोललात." लग्न ठरलं. तेव्हापासून आजतागायत त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही, मी पेपरवाले.

मोठा भूकंप झाला त्यानंतरच्या महिन्यांत जिल्ह्यात ठिकठिकाणी भूकंपमापक यंत्रं बसवण्यात आली. रेणापूरच्या पुढे एका गावाबाहेर असं एक यंत्र पत्र्याच्या खोलीत बसवलं आणि त्यावर तात्पुरता निरीक्षक म्हणून साडूंची नेमणूक झाली. दोन महिने काम नीट केलं तर कायम करू, असं तोंडी सांगितलं होतं. तोवर साडूंनी चार शाळांत तासिकेवर शिकवलं होतं आणि अक्का, म्हणजे माझी मेहुणी, शिलाई करून घर चालवत होती. कायम हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला जात होता. अक्का तो उच्चारताना आवाज खाली आणायची.

काम असं होतं. खोलीच्या मधोमध सिमेंटचा ओटा, ओट्यात पुरलेलं यंत्र, आणि बाजूला फिरणारं एक नळकांडं. नळकांड्याला रोज सकाळी आठ वाजता नवा कागद गुंडाळायचा. तो आधी रॉकेलच्या धुरावर धरून काजळीने काळा करायचा. मग यंत्राची सुई त्यावर दिवसभर बारीक पांढरी रेघ ओरखडत राहते. जमीन हलली की रेघ थरथरते. दुसऱ्या दिवशी तो कागद उतरवायचा, चपड्यात, म्हणजे लाखेच्या पातळ द्रावणात, बुडवून वाळवायचा म्हणजे काजळी पक्की होते, थरथर दिसली तर वेळ मोजून नोंदवहीत लिहायची आणि ती नोंद तहसिलात कळवायची. कागदांचा गठ्ठा पंधरवड्याने वर जायचा. साडू या कामात असे काही रमले की विचारू नये. काजळी इतकी सारखी धरत की कागद मखमलीसारखा दिसे. भेटायला गेलो तर आधी हात दाखवत, काळेभोर. आणि रोज साडेचार वाजता, वसतिगृहापासूनच्या शिरस्त्याप्रमाणे, गाणं ऐकत. वीज नव्हती म्हणून सेलवर. खुर्ची नव्हती म्हणून ओट्याच्या कडेवर बसून, दाराकडे तोंड, यंत्राकडे पाठ, डोळे मिटलेले.

काम सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी नोंदवहीत पहिली ओळ आली: साडेचार, सौम्य, सुमारे सहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी तीच. चौथ्या दिवशी तीच. साडूंनी मला हे सांगितलं तेव्हा ते गंभीर होते. "पेपरवाले, जमीन टाइमावर हलून राहिली," ते म्हणाले. "असं पुस्तकात कुठं न्हाई." मी गावात गेलो. खोलीपासून दोन फर्लांगावर शाळेचं मैदान आहे, तिथे गावकऱ्यांबरोबर उभा राहिलो. साडेचार वाजले. सगळे पायांकडे बघू लागले. एक म्हातारा म्हणाला, "आला." दुसरा म्हणाला, "कालच्यापेक्षा हलका हाय." बातमी मी त्याच संध्याकाळी पाठवली. 'प्रस्तुत प्रतिनिधीलाही तळव्यांना सौम्य थरथर जाणवली' हे वाक्य तिच्या तिसऱ्या परिच्छेदात होतं. पहिल्या पानावर आली.

यानंतर त्या गावाचं वेळापत्रक बदललं. चार वाजले की बाया चुलीवरचं उतरवून, लेकरं कडेवर घेऊन मैदानात यायच्या. जनावरांची दावी सुटायची. शाळा पावणेचारला सुटायची, त्यामुळे भूकंपाबद्दल मुलांचं मत चांगलं होतं. एकाने तिथे चहाचा गाडा लावला. पाच वाजता सगळे घरी जायचे. हे हसण्यासारखं आता वाटतं. तेव्हा प्रत्येकाच्या ओळखीतलं कुणी ना कुणी ढिगाऱ्याखाली गेलेलं होतं, आणि रोज ठरल्या वेळी हलणाऱ्या जमिनीवर गाव ठेवावं की उठवून दुसरीकडे वसवावं, याची चौकशी तहसिलात सुरू झाली होती. साडू मैदानाकडून जात असताना एका आजीने त्यांना अडवलं. "मशीनवाले, गाव उठलं तर आमची हीर संगं येती का वो?" ते म्हणाले, "बघतो, मावशी."

त्याच आठवड्यात टू-इन-वनचे सेल संपले. रेणापूरच्या दुकानात नवे येईपर्यंत दोन दिवस गाणं झालं नाही. त्या दोन दिवशी धक्काही बसला नाही. तिसऱ्या दिवशी सेल आले, आणि धक्काही आला. दुसऱ्या दिवशी कागद उतरवल्यावर साडूंनी भिंग घेतलं. मग पेटीतले ठेवलेले कागद काढले आणि एकाखाली एक मांडले. दुपारच्या एसटीने ते लातूरला आले आणि माझ्या कार्यालयाच्या दारात उभे राहिले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला कागद होता.

"ओ पेपरवाले, जरा बाहेर या."

समोरच्या हॉटेलात त्यांनी टेबल पुसायला लावलं, दोनदा, आणि कागद पसरला. "हे बघा. चार ठोके, एक मोकळा. चार ठोके, एक मोकळा. जमीन तालात हलती का कधी?"

"मला काय कळतं त्यातलं."

"कळतं. गाणं ऐकलंय तुम्ही. हितं म्हातारा डोंगराला विचारतो. हितं डोंगर बोलतो. हितून गिटार, तवा मी टाच थांबवून राहतो, बघा रेघ सरळ हाय. आन् हे शेवटी दोन बारीक. खोकला झाला की मी दोनदा ठोकतो, निरोपाचं म्हणून." त्यांनी हात मागे घेतला. "भूकंप मी करून राहिलो."

ते ओट्यावर बसत, आणि टाच ओट्यावर आपटत. यंत्र त्याच ओट्यात होतं. एवढी साधी गोष्ट त्यांना, तहसिलाला आणि मला कळायला एकोणीस धक्के लागले.

मी जे सुचवलं ते कुणीही सुचवलं असतं. म्हणालो, टाच आपटू नका, संपलं. धक्के आपोआप थांबतील. कायम होण्याची ऑर्डर महिन्यावर आली आहे. कुणाला कळतं? हे सांगताना मला माझी बातमीही दिसत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. साडूंनी बशीत चहा ओतला आणि तो गार होईपर्यंत बघत राहिले.

"कागद वर गेलेत," ते म्हणाले. "कुणीतरी टेबलावर मांडून त्याच्यावरून गाव उठवायचं ठरवून राहिलं असंल. त्या मावशीला मी बघतो म्हणलोय."

"अक्काला काय सांगाल?"

"तिला सांगायचंच तर मी हिकडं आलो. तुम्ही सांगा. मला न्हाई जमणार."

साडूंनी लेखी कळवल्यावर खात्याचे साहेब चार दिवसांनी आले. मी तिथे होतो. साडूंनी साहेबांसाठी गावातून खुर्ची मागवून घेतली होती. साडेचारला त्यांनी नळकांड्याकडे बोट केलं, "सुईकडं बघत राहा सर," असं सांगितलं, ओट्यावर बसले आणि कॅसेट लावली. ढोल सुरू झाला. टाच पडली. सुई थरथरली. साहेब खुर्चीवरून उठून सुईजवळ वाकले. डोंगर बोलला, गिटार वाजली, सुई सरळ चालली, शेवटी खोकला झाला आणि दोन बारीक ठोके पडले. खोलीत नळकांड्याची घरघर तेवढी राहिली. साहेब परत खुर्चीवर येऊन बसले. मग म्हणाले, "पुन्हा लावा." दुसऱ्यांदाही त्यांनी पूर्ण ऐकलं. कागद पक्का झाल्यावर त्यांनी कोपऱ्यात शेरा लिहिला, 'स्रोत: निरीक्षकाची टाच', खाली सही केली, आणि हा कागद शास्त्राच्या उपयोगाचा नाही म्हणून साडूंनाच देऊन टाकला. माणूस सभ्य होता. जाताना त्याने साडूंशी हस्तांदोलन केलं, हाताला काजळी लागली तरी पुसली नाही. साडूंची नेमणूक मात्र पुढे वाढवण्यात आली नाही. गाव जिथे होतं तिथेच राहिलं. आमच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर बाजारभावाच्या खाली दोन ओळी आल्या, 'सदर नोंदी तांत्रिक कारणाने झाल्याचे निष्पन्न झाले आहे'. त्या मीच लिहिल्या. तळव्यांबद्दल त्यांत काही नव्हतं. गावातले काही म्हातारे पुढे दोन महिने साडेचारला मैदानात येऊन बसत होते आणि धक्का जाणवतो असं सांगत होते.

अक्काला मी सांगितलं. तिने मशीन थांबवली नाही, शिवण संपवली, दोरा तोडला आणि म्हणाली, "त्या म्हाताऱ्यापायी माझी नोकरी गेली." नोकरी साडूंची होती, पण ती 'माझी' म्हणाली. पुढे अनेक वर्षं त्या घरात दळण संपलं, नळ आला नाही, पाहुणे न कळवता आले, तरी दोष म्हाताऱ्याचा असे. साडू ऐकून घेत. कॅसेट साडेचारला लागतच राहिली, आवाज थोडा कमी करून.

मग लातूरला क्लासचे दिवस आले. चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो लागले, घरांचे मजले वाढले, प्रत्येक मजल्यावर मुलं आणि प्रत्येक तळमजल्यावर मेस. भौतिकशास्त्राचं प्रात्यक्षिक दाखवायला माणूस हवा होता म्हणून एका क्लासने साडूंना घेतलं. तिथे ते तरंग आणि अनुनाद हा भाग शिकवत आणि तो शिकवताना बाकावर बसून टाच आपटत. "सर, हे पेपरात येणार का?" असं कुणी विचारलं की म्हणत, "पेपरात न्हाई. पेपर झाल्यावर येणार." घरी नातेवाइकांची मुलं ओळीने राहायला येत, जळकोटचा भाचा, देगलूरच्या पुतण्या, ज्यांचं नातं सांगायला कागद लागेल अशीही काही. साडूंचा नियम एकच. ज्याला चाचणीत कमी गुण पडतील त्याने त्या दिवशी साडेचारला त्यांच्याशेजारी बसून गाणं ऐकायचं. उपदेश नाही. गाणं संपल्यावर ते म्हणत, "डोंगर बी पडूनच राहिला हाय. जा, चहा पी." या उपायाने कुणाचे गुण वाढले याची नोंद नाही. पण त्यांतली जी मुलं आज डॉक्टर आहेत ती लातूरला आली की क्लासला नाही, या घरी येतात. जी झाली नाहीत तीही येतात.

तोवर माझी बदली नांदेडला झाली होती. मुलगी अकरावीला लातूरला त्यांच्याकडे राहायला गेली. पहिल्याच महिन्यात तिला कमी गुण पडले आणि तिने गाणं ऐकलं. मग एके दुपारी तिचा फोन आला. आवाज दबका होता.

"पप्पा, काकांचं गाणं सापडलं मला. मोबाइलवर. एक ओळ ऐकून टाइप केली."

"मग त्यांना ऐकव की."

"तो म्हातारा नाहीये. मुलगी आहे. वीस-बावीस वर्षांची असेल. आणि गाणं एकदम फास्ट आहे पप्पा, नाचायचं. काकांचा टेप स्लो चालतो."

मला गंजगोलाईचा मिस्त्री आठवला. पट्टा तेव्हाच ढिला होता. सीनियरने दिला तेव्हापासून ढिला असणार.

"अजून एक," ती म्हणाली. "शेवटी खोकला नाहीये तो. ती हसते. सांगू का नको त्यांना? त्या गाण्यासाठी काकांची सरकारी नोकरी गेली म्हणतात ना."

तीस वर्षांत मी अनेकांच्या चुका छापल्या, आणि स्वतःची एक, बाजारभावाखाली. शेवटी म्हणालो, सांगायचं. पण मी येतो, मग.

रविवारी साडेचारला साडू नेहमीच्या जागी बसले. अक्का शेंगा फोडत होती. मुलीने आधी सगळं सांगितलं, अगदी सरळ, आणि मोबाइल टू-इन-वनच्या डोक्यावर ठेवून गाणं लावलं. ढोल सुरू झाला. जड माणूस जिना चढत नव्हता. कुणीतरी दोन-दोन पायऱ्या ओलांडत पळत येत होतं. साडूंची टाच वर गेली आणि तिला खाली यायला जागा सापडेना, ती तशीच अधांतरी राहिली. मोबाइलमधली मुलगी गात होती. तीच नदी, तोच डोंगर, तेच उत्तर, पण डोंगराची थट्टा केल्यासारखं. गिटार भर्रकन निघून गेली. शेवटी ती हसली, दोनदा, गाताना काही तरी चुकलं असावं तशी.

साडूंनी टाच हळूच खाली ठेवली. "पुन्हा लाव," ते म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांना ताल सापडला. चौथ्या वेळी त्यांनी कपाटातून तो काजळीचा कागद आणायला सांगितला. माझ्या मुलीने पट्टी घेतली, कागदावरच्या मिनिटांच्या खुणा मोजल्या आणि म्हणाली, "काका, मोबाइलवर पाच ठोके पडतात तेवढ्यात तुमचे चार होतात."

अक्काने सूप खाली ठेवलं. "तीस वर्षं एका पोरीला म्हातारा म्हणून राहिले तुम्ही."

"तिला कुठं राग आला? हसूनच राहिली ती."

"मंग नोकरी गेली ती कशापायी?" हे ती भांडून विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि आम्ही तिघेही साडूंकडे बघत होतो.

साडूंनी कागद आपल्याकडे वळवून घेतला आणि कोपऱ्यातल्या शेऱ्यावर बोट ठेवलं. बोटाला आता काजळी लागत नव्हती. "गाण्यापायी कुठं गेली? हितं लिवलंय की. टाचेपायी गेली. टाच माझीच होती."

अक्काने तो शेरा वाचला. मग तिने सुपातल्या सोललेल्या शेंगदाण्यांची एक मूठ त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि पुन्हा फोडायला लागली. त्या दिवसानंतर त्या घरात म्हाताऱ्याला दोष दिलेला मी ऐकला नाही. साडूंनी मात्र एक नियम मोडला. बुद्धपौर्णिमा चार महिने लांब होती, तरी त्यांनी निळी वही काढली आणि नवीन पान घेतलं. डोंगर, नदी, काहीच पुन्हा लिहिलं नाही. फक्त शेवटी, जिथे दरवर्षी कंसात एक शब्द असे, तिथे लिहिलं: 'ती हसते.' कंस घातला नाही.

माझी मुलगी आता शिकून बाहेरगावी आहे. गेल्या महिन्यात कामासाठी लातूरला गेलो होतो तेव्हा साडूंकडे थांबलो. गुडघे धरले आहेत, ऐकायला थोडं कमी येतं. टू-इन-वन आहे, पट्टा अजून तोच. साडेचारला त्यांनी आधी मोबाइलवर गाणं लावलं, मग टेपवर. "आधी पोरगी, मग म्हातारा," ते म्हणाले. "दोघं बी खरं बोलून राहिलेत. एक येता येता, एक जाता जाता." मी शेजारी खुर्चीवर बसलो, चप्पल काढून. ढोल सावकाश सुरू झाला. त्यांनी डोळे मिटले आणि गुडघ्याला हाताचा आधार देऊन टाच उचलली. ती जेमतेम दोन बोटं वर गेली असेल. आवाज झालाच नाही. पण मला तळव्यांना सौम्य थरथर जाणवली. या वेळी खरोखर जाणवली.